पांढरं

सव्वीस वर्षं मी अंडी फोडते आहे.
पहाटे चारला, आवेरोच्या कालव्यामागच्या भट्टीघरात,
तळहातावर अंडं ओतायचं,
बोटांच्या फटींतून पांढरं गळू द्यायचं.
बलक उरतो.
बलकावरच आमचं पोट:
साखरेच्या पाकात घोटायचा,
पातळ पापडीच्या शिंपल्यांत भरायचा,
डझनावर विकायचा.
पांढरं बादलीत.
बादली ओर्लांदोच्या डुकरांना.

म्हणतात, पूर्वी मठातल्या जोगिणी
पांढऱ्यानं आपल्या झग्यांना खळ करायच्या,
आणि उरलेल्या बलकांचं करायचं काय,
या काळजीतून आमचा धंदा जन्मला.
मी खळ नाही केली कधी.
मी नुसतं ओतून दिलं.

जानेवारीत, दोन वर्षं यादीत थांबल्यावर,
कोइम्ब्राच्या इस्पितळात माझं पोट कापून
केळ्याएवढं ठेवलं.
आहारवाली ग्रासिंदा, माझ्या धाकटीच्या वयाची,
टेबलावर कॉफीची बशी ठेवून म्हणाली,
"दोना देओलिंदा, घर आता एवढंच.
पाहुणे बघून घ्या.
आधी प्रथिनं. मग भाजी.
पाव दारात उभा राहू दे, जागा उरली तर बघू.
रोज साठ ग्रॅम.
पाणी जेवणानंतर अर्ध्या तासानं."

हिशोबाची वही मी मागून उघडली.
पुढच्या पानांवर: नऊ डझन शिंपले, चार डझन मासे,
लग्नाचं एक पिंप.
मागच्या पानांवर: दही, दहा.
उकडलेला कॉड, दोन बोटं, बारा.
मसूर गाळून, चार. (तीन घासांत थांबले.)
दोन्हीकडची पानं एकमेकांकडे सरकताहेत.

भूक आता लागत नाही.
ती लावून घ्यावी लागते, गजरासारखी:
सात, दहा, एक, चार, सात.
ईस्टरच्या आठवड्यात गजर वाजत राहिला
आणि माझे हात पाकात.
सवयीनं, खरंच सवयीनं,
तार बघायला चमचा जिभेवर टेकवला,
आणि गिळला.
वीस मिनिटांनी मी पिठाच्या पोत्यावर,
घामानं निथळत,
छातीत कुणी अंडी फेटतंय असं.
इरिया, एकोणीस वर्षांची, वारा घालत होती.
त्या दिवसापासून ती माझी जीभ.
"एकतारी?" मी विचारते.
ती डोळे मिटते. "अजून नाही."
मला आतल्या आत थोडा रागच येतो तिचा.

मे महिन्यात टोपी काढली तर जाळीत मूठभर केस.
ग्रासिंदानं केसांकडे बघितलंच नाही, वही मागितली.
एकेचाळीस. अडतीस. चव्वेचाळीस.
"केसांना नका विचारू," ती म्हणाली,
"या आकड्यांना विचारा."

म्हणून आता रविवार डब्यांचा.
आल्बानो, जन्म मिठागरात गेलेला,
डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो
आणि वार चुकवतो.
मंगळवारचे सार्डिन मी शुक्रवारी खाल्ले.
काही बिघडलं नाही.
आणि बादली?
ओर्लांदो विचारून गेला, डुकरं रोडावली म्हणे.
त्याला सांगितलं, अर्धी माझी.
एका पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम.
सव्वीस वर्षांत किती ओतलं
याची बेरीज करायला बसले एकदा.
मग पेन्सिल ठेवून दिली.

आज रात्री अकराला वही बघितली: सत्तावन्न.
अंथरुणातून उठले, एक अंडं उकडलं.
मागे आल्बानो, अनवाणी,
दिवा न लावता येऊन बसला.
मी अंडं सोललं, कापलं,
बलक त्याच्या बशीत.
त्यानं चिमूटभर मीठ घातलं,
डॉक्टरनं मनाई केलेलं,
आणि एका घासात संपवला.

मी अजून चावते आहे.
अठरा. एकोणीस.
तो थांबलाय, टेबलावर कोपर टेकून,
माझी बशी रिकामी होईपर्यंत.